पसंतिक्रमाचे मतदान : वाचकांचे प्रश्न

एकाच उमेदवाराच्या नावापुढे खूण न करता सर्व उमेदवारांना १, २, ३ असे क्रमांक देण्याच्या पद्धतीविषयी आलेल्या पत्रांतून चार प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रे लांब असल्यामुळे प्रश्नांचा आशय संक्षेपाने दिला आहे.

प्रश्न : आमचे हौशी नाट्यमंडळ दरवर्षी गावच्या जत्रोत्सवात नाटक सादर करते. यंदा २१ सभासदांपैकी ८ जणांनी ऐतिहासिक, ७ जणांनी सामाजिक आणि ६ जणांनी संगीत नाटकासाठी हात वर केले. ऐतिहासिक नाटक ठरले आणि लगेच कुरबूर सुरू झाली. नंतर प्रत्येकाचा पूर्ण क्रम लिहून घेतला, तेव्हा ऐतिहासिकवाल्या आठांची दुसरी पसंती संगीत निघाली. सामाजिकवाल्या सातांचीही दुसरी पसंती संगीतच. आणि संगीतवाल्या सहांची दुसरी पसंती सामाजिक. पुढील वर्षापासून पहिल्या पसंतीला २ गुण, दुसरीला १ आणि तिसरीला ० अशी पद्धत ठेवावी, असा ठराव आहे. तो मंजूर करावा का? (म्हापसा)

उत्तर : आपण दिलेल्या आकड्यांवरून प्रथम एवढे स्पष्ट होते की जे नाटक ठरले ते २१ पैकी १३ सभासदांच्या यादीत शेवटच्या क्रमांकावर होते, आणि म्हणून कुरबूर झाली त्यात नवल नाही. आता याच यादीवर दुसरी एक प्रचलित पद्धत चालवून पाहू. सर्वांत कमी पहिल्या पसंत्या मिळवणारा पर्याय वगळायचा आणि त्याची मते पुढच्या पसंतीकडे वळवायची, असे केल्यास ६ मतांचे संगीत नाटक बाद होते, त्याची मते सामाजिक नाटकाकडे जातात आणि ते ८ विरुद्ध १३ असे जिंकते. तिसरी रीत म्हणजे प्रत्येक जोडीची स्वतंत्र तुलना करणे : संगीत आणि ऐतिहासिक यांत संगीत १३ विरुद्ध ८ असे पुढे आहे, संगीत आणि सामाजिक यांत ते १४ विरुद्ध ७ असे पुढे आहे, म्हणजे समोरासमोर ते कोणालाही हरवते. सभासद तेच, त्यांची मतेही तीच, आणि तरी मोजण्याची रीत बदलताच तीन वेगवेगळी नाटके रंगमंचावर येतात.

आपल्या ठरावातील गुणांची पद्धत फ्रेंच गणिती बोर्दा याने अठराव्या शतकात मांडली. तिच्यानुसार संगीत नाटकाला २७, सामाजिकला २० आणि ऐतिहासिकला १६ गुण मिळतात, म्हणजे यंदाच्या यादीवर ती उत्तम चालली असती. तरीही माझा सल्ला ठराव आहे त्या स्वरूपात मंजूर करू नये असाच आहे, आणि त्याचे कारण पुढील शक्यतेत आहे. समजा पुढल्या वर्षी दोनच नाटके चर्चेत आहेत आणि पहिल्या नाटकाला ११, तर दुसऱ्याला १० सभासद अनुकूल आहेत. दुसऱ्या नाटकाच्या बाजूचा एखादा चतुर सभासद, जे कोणालाच फारसे करायचे नाही असे तिसरे नाटक यादीत घालतो. पहिल्या गटातील अकरा जण सरळपणाने पहिले, दुसरे, तिसरे असा क्रम देतात. दुसऱ्या गटातील दहा जण मात्र दुसरे, तिसरे, पहिले असा देतात. गुण मोजले की पहिल्या नाटकाला २२ आणि दुसऱ्याला ३१ येतात. ज्या नाटकाला निम्म्याहून अधिक सभासदांची पहिली पसंती आहे ते, ज्याला कोणीच पहिली पसंती दिलेली नाही अशा तिसऱ्या नावामुळे पडते. आपली पद्धत केवळ प्रामाणिक माणसांसाठी आहे, असे बोर्दा म्हणाल्याचे सांगतात. नाट्यमंडळातील सभासद अप्रामाणिक असतात असे मला म्हणायचे नाही, पण ज्यांच्या मनातील भूमिका पुढल्या नाटकावर अवलंबून आहेत त्यांच्या हाती असे साधन देऊ नये हे बरे.

एकवीस माणसांच्या सभेत जोड्यांची तुलनाच करावी. तीन नाटकांच्या तीनच जोड्या होतात, चार असतील तर सहा. वही आणि पेन्सिल घेऊन दहा मिनिटांत निकाल लागतो, आणि जो हरतो त्याला आपण कोणाकडून किती मतांनी हरलो हे समोर दिसते.

प्रश्न : मी निवृत्त गणित शिक्षक आहे. ॲरो यांच्या सिद्धान्तानुसार कोणतीही मतदान पद्धत निर्दोष असू शकत नाही. मग ‘ज्याला सर्वाधिक मते तो विजयी’ ही आपली साधी पद्धत सोडण्यात काय हशील? (फोंडा)

उत्तर : केनेथ ॲरो यांनी १९५१ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेला सिद्धान्त असा आहे : तीन किंवा अधिक पर्याय असतील, तर मतदारांच्या क्रमवाऱ्यांवरून समाजाची एक सुसंगत क्रमवारी काढणारी कोणतीही पद्धत एकाच वेळी तीन अटी पाळू शकत नाही. सर्वांनी एकमुखाने एकाला वर ठेवले असेल तर निकालातही तो वर असावा, ही पहिली अट. दोन पर्यायांमधील निर्णय तिसऱ्या पर्यायाविषयी लोक काय म्हणतात यावर अवलंबून नसावा, ही दुसरी. वरच्या उत्तरातील तिसऱ्या नाटकाने नेमकी हीच मोडली. आणि एकाच व्यक्तीच्या मर्जीने सर्व निकाल ठरू नयेत, ही तिसरी. पुढे गिबर्ड यांनी १९७३ मध्ये आणि सॅटरथ्वेट यांनी १९७५ मध्ये स्वतंत्रपणे दाखवून दिले की तीन किंवा अधिक पर्यायांतून, चिठ्ठ्या टाकण्यासारख्या योगायोगाची मदत न घेता, एक विजेता निवडणाऱ्या आणि एकाच माणसाच्या हातात निकाल न देणाऱ्या प्रत्येक पद्धतीत कधी ना कधी एखाद्या मतदाराला खोटा क्रम देऊन फायदा होतो.

परंतु कोणतीही पद्धत निर्दोष नाही या विधानातून सर्व पद्धती सारख्याच सदोष आहेत असे अनुमान निघत नाही, हे आपल्यासारख्या शिक्षकाला सांगण्याची गरज नसावी. दोष किती वेळा उद्भवतो आणि उद्भवल्यावर किती नुकसान करतो, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर पद्धतीगणिक बदलते.

वर्गात फळ्यावर मांडता येईल असे एक उदाहरण देतो, कारण त्यात दोन मोठे दोष एकत्र दिसतात. शंभर मतदार आहेत. ३९ जणांचा क्रम अ, ब, क असा आहे; ३५ जणांचा ब, क, अ; आणि २६ जणांचा क, अ, ब. जोड्या तपासल्या तर अ हा ब ला ६५ विरुद्ध ३५ ने हरवतो, ब हा क ला ७४ विरुद्ध २६ ने, आणि क हा अ ला ६१ विरुद्ध ३९ ने. प्रत्येक व्यक्तीचे मत सुसंगत, पण बहुमत मात्र गोल फिरत राहते. मार्की द कोंदोर्से याने १७८५ मध्ये ज्याकडे लक्ष वेधले ते हे चक्र. वगळणीची पद्धत या चक्रात अडकत नाही : क बाद होतो, त्याची २६ मते अ कडे जातात आणि अ विजयी होतो. आता ब च्या समर्थकांपैकी दहा जणांचे मन वळले आणि त्यांनी अ ला पहिल्या क्रमांकावर आणले असे समजा. अ ची मते ४९ झाली, ब ची २५ उरली, क ची २६ तशीच. आता ब बाद होतो, त्याची मते क कडे वळतात आणि क ५१ विरुद्ध ४९ असा जिंकतो. दहा मतदारांचा पाठिंबा वाढल्यामुळे अ हरला. जोड्यांच्या तुलनेवर आधारलेल्या पद्धतींनाही त्यांचे असे व्यंग आहे; मुलँ यांनी १९८८ मध्ये सिद्ध केले की चार किंवा अधिक उमेदवार आणि पुरेसे मतदार असतील, तर सर्वांना समोरासमोर हरवणाऱ्याला नेहमी विजयी करणाऱ्या कोणत्याही पद्धतीत एखाद्या मतदाराने घरी बसणे त्याच्याच हिताचे ठरू शकते.

चक्र प्रत्यक्षात क्वचितच सापडते. डंकन ब्लॅक यांनी १९४८ मध्ये दाखवले की सर्व पर्याय एकाच रेषेवर, उदाहरणार्थ डावीकडून उजवीकडे, मांडता येत असतील आणि प्रत्येक मतदार स्वतःच्या जागेपासून दूर जाताना नापसंती वाढवत असेल, तर चक्र होतच नाही. गोव्याच्या राजकारणाला अशी एकच रेषा आहे का, याविषयी मला शंका आहे. खाणी, जमिनींचे रूपांतर, भाषा, धर्म आणि उमेदवाराचे घराणे या सर्वांची मिळून एक ओळ मांडणे कोणालाही जमलेले नाही. तरीही वगळणीच्या पद्धतीचे जे अपयश प्रत्यक्ष निवडणुकांत नोंदले गेले आहे ते चक्राचे नसून, मधल्या सर्वमान्य उमेदवाराचा बळी जाण्याचे आहे. अमेरिकेतील बर्लिंग्टन शहराच्या २००९ च्या महापौरपदाच्या आणि अलास्का राज्याच्या ऑगस्ट २०२२ च्या पोटनिवडणुकीत, मतपत्रिकांच्या नोंदींनुसार समोरासमोर इतर दोघांनाही हरवू शकणारा उमेदवार पहिल्या पसंत्या कमी पडल्यामुळे तिसरा येऊन बाद झाला. बर्लिंग्टनने दुसऱ्याच वर्षी ती पद्धत रद्द केली. आपल्या साध्या पद्धतीत हेच अपयश अधिक वेळा होत असणार, पण मतपत्रिकेवर एकच खूण असल्यामुळे त्याची कुठे नोंदच राहत नाही.

प्रश्न : राष्ट्रपतींची निवड पसंतिक्रमाने होते, मग गोवा विधानसभेची का होऊ नये? २०२२ मध्ये एका पक्षाला सुमारे ३३ टक्के मतांवर ४० पैकी २० जागा मिळाल्या. ही विषमता पसंतिक्रमाने दूर होणार नाही का? (मडगाव, कायद्याची विद्यार्थिनी)

उत्तर : प्रश्नाच्या शेवटच्या भागापासून सुरुवात करणे इष्ट. एका मतदारसंघातून एकच आमदार निवडायचा असेल, तर पसंतिक्रमाने मतांच्या प्रमाणात जागा मिळत नाहीत. विरोधकांच्या मतविभागणीचा परिणाम तेवढा कमी होतो. प्रमाण साधायचे असेल तर मतदारसंघ मोठे आणि बहुसदस्यीय करावे लागतील. गोव्याचे पाच-पाच जागांचे आठ मतदारसंघ केले, तर साधारण सहाव्या हिश्श्याहून थोडी अधिक मते मिळवणाऱ्याला एक जागा निश्चित होईल. माल्टा हा गोव्याप्रमाणेच लहान देश पाच जागांच्या तेरा मतदारसंघांतून याच रीतीने निवडणूक घेतो, आणि तेथेही १९८१ मध्ये निम्म्याहून कमी मते मिळालेल्या पक्षाला ६५ पैकी ३४ जागा मिळाल्या होत्या. शिवाय निवडून आलेले आमदार पुढे कोणत्या पक्षात जातील यावर कोणत्याच मतदान पद्धतीचे नियंत्रण नाही. २०१९ मध्ये एका पक्षाचे दहा आणि २०२२ मध्ये त्याच पक्षाचे आठ आमदार सत्ताधारी पक्षात गेले, हा दोष मतमोजणीच्या खात्यावर मांडता येत नाही.

राष्ट्रपतींच्या निवडणुकीत ही पद्धत निर्णायक ठरल्याचे एकच ठळक उदाहरण आहे. १९६९ मध्ये पहिल्या पसंतीची व्ही. व्ही. गिरी यांना ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि आपल्या चिंतामणराव देशमुखांना १,१२,७६९ मूल्याची मते होती, आणि विजयासाठी ४,१८,१६९ हवी होती. देशमुख आणि इतर लहान उमेदवार वगळले गेले, तेव्हा त्यांच्या पुढच्या पसंत्या बहुतांश रेड्डींकडे गेल्या. तरीही गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे जिंकले. पद्धत चालली, यात शंका नाही. पण तिचे मतदार कोण, हेही पाहावे. २०२२ च्या राष्ट्रपती निवडणुकीत मतदार ४,८०९ होते, सर्व जण खासदार किंवा आमदार (गोव्याच्या एका आमदाराच्या मताचे मूल्य २० धरले जाते), उमेदवार अवघे दोन, आणि तरीही ५३ मते बाद ठरली. कायदे करणाऱ्यांकडून जेथे मतपत्रिका चुकते, तेथे सामान्य मतदाराला दोष देता येणार नाही.

अशिक्षित मतदाराला अंक लिहिता येणार नाहीत, हा आक्षेप डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत प्रमाणशीर प्रतिनिधित्वाविषयी घेतला होता, आणि त्या काळी तो रास्त होता. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्यातील साक्षरता ८८.७ टक्के आहे. त्यामुळे तो आक्षेप आज गोव्यापुरता मी दुय्यम मानतो. खरी अडचण मोजणी आणि गुप्तता यांत आहे.

आजच्या पद्धतीत प्रत्येक मतदान केंद्राच्या यंत्रातून उमेदवारनिहाय बेरीज निघते, प्रतिनिधी ती टिपून घेतात आणि चाळीस-पन्नास बेरजा एकत्र केल्या की निकाल लागतो. गणिताची पुनर्तपासणी कोणीही करू शकतो. वगळणीच्या पद्धतीत केंद्रनिहाय बेरजेला अर्थ उरत नाही, कारण कोणत्या केंद्रातील मते दुसऱ्या फेरीत कोणाकडे वळणार हे संपूर्ण मतदारसंघात कोण बाद झाला यावर ठरते. म्हणून प्रत्येक मतपत्रिकेचा पूर्ण क्रम एका ठिकाणी आणावा लागतो आणि संगणकावर विश्वास ठेवावा लागतो. न्यूयॉर्क शहरात २०२१ च्या प्राथमिक (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या) निवडणुकीत सुमारे १,३५,००० चाचणीच्या मतपत्रिका चुकून प्राथमिक मोजणीत मिसळल्या गेल्या आणि जाहीर झालेले आकडे मागे घ्यावे लागले. अमेरिकेतल्याच ओकलंड शहरात २०२२ च्या शाळा मंडळाच्या एका जागेवर, मोजणी यंत्रणेतील चुकीच्या मांडणीमुळे जो जिंकला नव्हता त्याचेच नाव विजयी म्हणून प्रमाणित झाले. आपल्या यंत्रांत तर एक कळ म्हणजे एक मत एवढीच सोय आहे. २०१७ मध्ये गोव्यातील सर्व चाळीसही मतदारसंघांत कागदी पावतीची यंत्रे बसवली गेली, ती पावतीही एकच नाव दाखवते. पसंतिक्रमासाठी यंत्र, पावती आणि पडताळणीचे नियम असे सगळेच नव्याने करावे लागेल.

गुप्ततेची अडचण मात्र लहान मतदारसंघांना विशेष जाचक आहे, आणि गणिताची पुस्तके तिच्याकडे फारसे पाहत नाहीत. आठ उमेदवारांचे संपूर्ण क्रम ४०,३२० प्रकारे लावता येतात. गोव्यात २०२२ मध्ये एका मतदारसंघात सरासरी २९ हजारांच्या आसपास मतदार आणि सात-आठ उमेदवार होते. म्हणजे पैसे वाटणारा दलाल प्रत्येक मतदाराला वेगळा क्रम नेमून देऊ शकतो : पहिली पसंती आमच्या उमेदवाराला, आणि उरलेल्या सातांचा क्रम तुझ्या नावावर ठरलेला. मोजणीनंतर पूर्ण मतपत्रिकांची नोंद प्रसिद्ध झाली, किंवा मोजणीच्या टेबलाशी उभ्या असलेल्या प्रतिनिधीला ती दिसली, की तो क्रम तेथे आहे की नाही यावरून मत विकले गेले की नाही हे कळते. अशा सौद्यासाठी मतदान कक्षात मोबाईलवर छायाचित्र घेण्याचीही गरज उरत नाही. पापुआ न्यू गिनीप्रमाणे फक्त तीन पसंत्या द्यायला लावल्या, तर आठ उमेदवारांत ३३६ क्रम होतात. मतदारसंघाच्या पातळीवर ते पुरेसे कमी आहेत, पण सहा-सातशे मतदारांच्या एका केंद्रापुरते पाहिले तर दलालाचे काम त्यातही भागते. म्हणून मोजणीपूर्वी सर्व केंद्रांची मते एकत्र मिसळणे अपरिहार्य ठरते. केंद्रनिहाय आकडे उघड होऊ नयेत यासाठी यंत्रांची मते एकत्र मोजण्याची शिफारस विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५५ व्या अहवालात केलेली आहे, ती अजून अमलात आलेली नाही.

येथे जोड्यांच्या तुलनेचा एक अनपेक्षित फायदा दिसतो. प्रत्येक केंद्राने पूर्ण क्रम जाहीर न करता, कोण कोणाच्या किती मतपत्रिकांवर वर आहे एवढाच तक्ता द्यावा. आठ उमेदवारांसाठी तो ५६ आकड्यांचा होईल, हे तक्ते आजच्याप्रमाणे नुसते बेरजेने जोडता येतील, आणि दलालाला त्यातून एखादा विशिष्ट क्रम शोधणे फार कठीण जाईल. उलट बाजूला, हाताने मोजायचे तर प्रत्येक मतपत्रिकेवर २८ तुलना कराव्या लागतात, चक्र निघालेच तर ते सोडवण्याचा नियम आधी कायद्यात लिहावा लागतो, आणि पहिल्या पसंत्या सर्वांत कमी असलेला उमेदवार कधीतरी विजयी होईल तेव्हा मोजणी केंद्राबाहेर जमलेल्या कार्यकर्त्यांना ते पटवून द्यावे लागते. यांतील शेवटची अडचण मला सर्वांत मोठी वाटते. बहुधा याच कारणाने सार्वत्रिक निवडणुकांसाठी ही पद्धत कोणत्याही देशाने स्वीकारलेली नाही, आणि म्हणून आजच्या घडीला विधानसभेसाठी तीन पसंत्यांची वगळणी, मते मिसळण्याच्या अटीसह, यापलीकडे जाण्याचा आग्रह मी धरणार नाही. मते मिसळण्याची तरतूद होणार नसेल, तर आहे ती पद्धत चालू ठेवणे अधिक सुरक्षित.

प्रश्न : १९६७ च्या जनमत कौलात दोनच पर्याय होते. तेथे पसंतिक्रमाची गरज नव्हतीच ना? (डिचोली)

उत्तर : दोनच पर्याय असतील तर साध्या बहुमताइतकी चांगली पद्धत नाही, हे केनेथ मे यांनी १९५२ मध्ये सिद्ध केले आहे : सर्व मतदारांना समान लेखणारी, दोन्ही पर्यायांना समान लेखणारी आणि पाठिंबा वाढला तर निकाल उलटा न फिरवणारी तीच एक पद्धत आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी संघप्रदेश कायम ठेवण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. ३४,०२१ मतांच्या त्या फरकात चक्राला किंवा खोट्या क्रमाला वाव नव्हता.

मात्र मे यांचा सिद्धान्त पर्याय कोणी आणि किती ठेवले याविषयी काही बोलत नाही. स्वतंत्र राज्य हा पर्याय त्या मतपत्रिकेवर नव्हता. गोव्याला घटक राज्याचा दर्जा ३० मे १९८७ रोजी मिळाला. तो पर्याय असता आणि मतदारांनी तिन्हींना क्रम दिले असते तर काय झाले असते, असे आपण पत्रात पुढे विचारता. त्या मतपत्रिकांवर फूल आणि दोन पाने एवढ्याच दोन निशाण्या होत्या, त्यामुळे तिसऱ्या पर्यायाला किती जणांनी दुसरी पसंती दिली असती हे त्यांतून काढता येत नाही.